कायदा सर्वांना वाचता आला पाहिजे : चेरोकी राष्ट्राच्या इतिहासातून

(मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पवित्र स्मृतीस अभिवादन करून आम्ही विषयाकडे वळतो. मंडळाने विषयाची निवड आमच्यावर सोपविली आणि आम्ही सातासमुद्रापलीकडचा एक समाज निवडला, याचे काही जणांना आश्चर्य वाटले. हा समाज म्हणजे अमेरिकेतील चेरोकी. ज्यांना आपण शाळेच्या पुस्तकात 'रेड इंडियन' म्हणून वाचले, त्यांच्यापैकी हे एक मोठे राष्ट्र. 'रेड इंडियन' हे नाव त्यांना परक्यांनी दिले. परक्यांनी दिलेले नाव अंगावर वागविणे म्हणजे काय असते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आम्हांला प्रश्न पडला तो असा : कायदा कोणाच्या ताब्यात असावा? राज्यकर्त्याच्या कपाटात, की सामान्य माणसाच्या हातात? हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. जे शास्त्र वाचण्याचीच काय, कानाने ऐकण्याचीही आपल्या पूर्वजांना बंदी होती, तेच शास्त्र त्यांच्यावर लागू केले जात होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, ते या अन्यायाविरुद्धच. याउलट बुद्धाच्या संघात दर पंधरवड्याला सर्व भिक्खूंसमक्ष पातिमोक्खाचे पठण होत असे. नियम काय आहेत हे ज्याला पाळायचे त्याला ठाऊक असलेच पाहिजे, हा त्यामागील विचार. सम्राट अशोकाने आपल्या आज्ञा लोकांच्या भाषेत शिळांवर कोरल्या. आपल्या सोपाऱ्यालाही त्या लेखांचे तुकडे सापडले आहेत. तेव्हा चेरोकींची कथा ऐकताना आपण परक्या घरात आलो आहोत असे कोणी मानू नये.

लिपी आली आणि कायदा घरोघरी गेला

चेरोकींचा मूळ मुलूख अमेरिकेच्या आग्नेय भागातील डोंगराळ प्रदेशात, म्हणजे आजच्या जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना आणि अलाबामा या राज्यांत होता. त्यांचा समाज मातृवंशीय. कूळ आईकडून चाले आणि गावच्या विचारविनिमयात स्त्रियांच्या मताला वजन असे. नॅन्सी वॉर्ड या वृद्ध स्त्रीच्या पुढाकाराने चेरोकी स्त्रियांनी १८१७ साली आपल्या परिषदेला लेखी कळविले होते, की यापुढे जमीन गोऱ्यांना देऊ नका.

त्यांचा पहिला लिखित कायदा १८०८ सालचा. घोड्यांच्या चोऱ्या थांबविण्यासाठी पगारी गस्तपथके नेमणे आणि बापाच्या मृत्यूनंतर विधवेला व मुलांना त्याच्या मालमत्तेत संरक्षण देणे, हा त्याचा आशय. १८१० साली कुळाकुळांतील खुनाचा बदला खुनाने घेण्याची जुनी रीत कायद्याने बंद करण्यात आली. परंतु हे कायदे इंग्रजीत लिहिलेले होते, कारण चेरोकी भाषेला तेव्हा लिपीच नव्हती. मोजक्या लोकांनी वाचावे आणि बाकीच्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवावा, असा तो प्रकार होता.

ही अडचण सिक्वोया नावाच्या एका कारागिराने दूर केली. तो चांदीकाम करीत असे. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. पण गोरे लोक कागदावर बोलणे बांधून ठेवतात, एवढे त्याने पाहिले होते. कित्येक वर्षे खपून त्याने १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेच्या उच्चारांसाठी अक्षरे तयार केली. आज ती ८५ आहेत. प्रारंभी लोकांनी त्याला वेडा ठरविले. मग त्याने आपल्या लहान मुलीला ही लिपी शिकवून तिच्याकडून वाचून घेतले आणि लोकांची खात्री पटविली, असे सांगतात. नंतर मात्र ही लिपी वणव्यासारखी पसरली. शाळा नाही, मास्तर नाही, शेजाऱ्याने शेजाऱ्याला शिकविले आणि थोड्याच वर्षांत फार मोठा समाज साक्षर झाला. एखाद्या निरक्षर माणसाने एकट्याने आपल्या भाषेला लिपी दिल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात फारच थोडी.

२६ जुलै १८२७ रोजी न्यू एकोटा या राजधानीत चेरोकींनी आपली लिखित राज्यघटना स्वीकारली. त्याच वर्षी इकडे महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म झाला होता. या घटनेत कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ अशी तीन अंगे होती. जमीन ही सर्व राष्ट्राची सामाईक मालमत्ता ठरविण्यात आली. आणि मग त्यांनी जे केले ते आजच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. त्यांनी छापखाना विकत घेतला, आपल्या लिपीचे खिळे बोस्टनला ओतून घेतले आणि २१ फेब्रुवारी १८२८ रोजी 'चेरोकी फिनिक्स' या साप्ताहिकाचा पहिला अंक काढला. संपादक होते इलायस बुडिनॉट. मजकूर इंग्रजी आणि चेरोकी अशा दोन्ही भाषांत. पहिल्याच अंकापासून त्यात राज्यघटना छापली जाऊ लागली. पुढे परिषदेचे कायदे क्रमाने येत गेले. वर्गणी आगाऊ भरणाऱ्यास अडीच डॉलर होती. पण ज्याला फक्त चेरोकीच वाचता येते त्याला दोनच डॉलर. विद्यार्थी मित्रांनो, या अर्ध्या डॉलरकडे नीट पाहा. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यापर्यंत कायदा आधी पोहोचावा, ही दृष्टी त्यात आहे.

उघडा कायदा आणि उघडी लूट

कोणी म्हणेल, एवढे करून त्यांची जमीन वाचली का? नाही वाचली. हे आम्ही लपवून ठेवणार नाही.

जॉर्जिया राज्याला चेरोकींची जमीन हवी होती, आणि तिथे सोने सापडल्यावर ती हाव आणखी वाढली. राज्याने कायदा करून १ जून १८३० पासून चेरोकींचे सर्व कायदे रद्दबातल ठरविले. गोऱ्या माणसाविरुद्ध चेरोकीची साक्ष न्यायालयात चालणार नाही असे ठरविले आणि त्यांच्या परिषदेला सभा भरविण्याचीही मनाई केली. परिषद मग सीमेपलीकडे टेनेसीतील रेड क्ले येथे भरू लागली. १८३० सालीच अमेरिकेच्या संसदेने मूलनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदा केला. चेरोकी न्यायालयात गेले. ३ मार्च १८३२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, जॉर्जियाचे कायदे चेरोकी मुलखात लागू होत नाहीत, असा निर्णय दिला. निर्णय कागदावर राहिला, कारण राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांना तो अमलात आणायचा नव्हता.

याच काळात खुद्द चेरोकींच्या आत एक गोष्ट घडली. स्थलांतर पत्करावे की नाही यावर दोन मते झाली. बुडिनॉट यांना स्थलांतराच्या बाजूचे मतही पत्रात छापायचे होते. प्रधान प्रमुख जॉन रॉस यांनी ते छापू दिले नाही, तेव्हा १८३२ साली बुडिनॉट यांनी संपादकपद सोडले. रॉस यांची भूमी वाचविण्याची तळमळ खरी होती, बहुसंख्य जनताही त्यांच्या बाजूला होती. तरीही जी चर्चा छापील पानावर व्हायची ती बंद दारामागे गेली. १८३५ साली जॉर्जियाच्या शिपायांनी छापखानाच जप्त केला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला, परिषदेने अधिकार दिलेला नसताना, थोड्या लोकांनी न्यू एकोटा येथे जमीन सोडण्याचा करार केला. सही करणाऱ्यांत बुडिनॉट होते. पंधरा हजारांहून अधिक चेरोकींच्या नावांचा निषेध अर्ज वॉशिंग्टनला गेला. पण सिनेटने करार आधीच, आवश्यक बहुमत जेमतेम एका मताने गाठून, मंजूर केला होता. १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार लोकांना लष्कराकरवी घराबाहेर काढून पश्चिमेकडे नेण्यात आले. वाटेत आणि छावण्यांत मिळून चार हजारांच्या आसपास माणसे दगावली असे मानतात. त्या वाटेला 'अश्रूंची वाट' म्हणतात.

परिषदेच्या संमतीवाचून जमीन विकणाऱ्यास मृत्युदंड, असा चेरोकींचा लिखित कायदा होता. बुडिनॉट यांना तो पुरता ठाऊक होता. २२ जून १८३९ रोजी नव्या मुलखात ते व त्यांचे दोन सहकारी मारले गेले. पण खटला चालला नाही, बाजू मांडली गेली नाही. कायद्याचे नाव घेऊन, न्यायालय टाळून केलेली ती हत्या होती. आम्हांला हे प्रकरण दोन्ही अंगांनी दुःखाचे वाटते.

पुन्हा उभारणी, पुन्हा विध्वंस

परंतु या राष्ट्राची जिद्द पाहा. सर्वस्व गमावून आलेल्या या लोकांनी ६ सप्टेंबर १८३९ रोजी, म्हणजे त्याच वर्षी, आजच्या ओक्लाहोमातील ताहलेक्वा येथे नवी राज्यघटना केली. १८४४ साली 'चेरोकी अ‍ॅडव्होकेट' हे द्विभाषी पत्र सुरू झाले. कायद्यांचे संग्रह पुस्तकरूपाने छापले गेले. १८५१ साली मुलांसाठी आणि मुलींसाठी उच्च विद्यालये उघडली.

१८९८ च्या केंद्रीय कायद्याने त्यांची न्यायालये बंद केली. सामाईक जमिनीचे तुकडे पाडून वाटप झाले. १९०६ साली 'अ‍ॅडव्होकेट' बंद पडले आणि १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झाले. त्यानंतर कित्येक दशके त्यांचा प्रमुख अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष नेमत असे. १९७० च्या कायद्याने निवडणुकीचा हक्क परत मिळाला, १९७१ साली निवडणूक झाली आणि १९७५ साली तयार झालेली नवी घटना पुढच्या वर्षी मतदारांनी मंजूर केली. १९८५ ते १९९५ या काळात विल्मा मॅनकिलर या स्त्रीने प्रधान प्रमुखपद भूषविले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

कागदपत्रे कोणाची?

आता १९९७ सालाकडे येऊ. राष्ट्राच्या पैशाच्या विनियोगाबद्दल संशय निर्माण झाला आणि कागदपत्रे दाखविण्यावरून वाद पेटला. त्यांच्याच न्यायालयाचे वॉरंट घेऊन त्यांच्याच पोलिसांनी फेब्रुवारीत प्रधान प्रमुख जो बर्ड यांच्या कार्यालयाची झडती घेतली. प्रमुखांनी त्या पोलीस अधिकाऱ्यांना बडतर्फ केले, न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला, परिषदेतील एका गटाने न्यायाधीशांनाच पदावरून काढण्याचा ठराव केला. जूनमध्ये न्यायालयाची इमारत ताब्यात घेतली गेली. राष्ट्राच्या वृत्तपत्राच्या संपादकालाही नोकरी गमवावी लागली. एका राष्ट्राचे तीन हात एकमेकांवर उठले, आणि भांडणाच्या मुळाशी काय होते? कागद! ते पाहण्याचा हक्क कोणाचा?

येथे एक मुद्दा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. अमेरिकेचा केंद्रीय माहिती अधिकार कायदा जमातींच्या शासनाला लागू होत नाही, कारण ती शासने आपापल्या परीने स्वायत्त आहेत. अमेरिकन राज्यघटनेतील मूलभूत हक्कांची बंधनेही त्यांच्यावर थेट लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली एका चेरोकी खटल्यातच दिला होता. पुढे १९६८ साली संसदेने वेगळा कायदा करून त्यांतील बरीचशी बंधने घातली. म्हणजे चेरोकी नागरिकाला शासनाचा कागद पाहायचा तर तो हक्क त्याच्या स्वतःच्या राष्ट्रानेच दिला पाहिजे. स्वराज्य मिळाले की जबाबदारीही स्वतःवरच येते.

चेरोकींनी ती जबाबदारी ओळखली. १९९९ साली घटना परिषद भरली. २००० साली वृत्तपत्राला सत्ताधाऱ्यांच्या हस्तक्षेपापासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि २००१ साली माहितीच्या हक्काचा कायदा झाला. आपल्या देशातील माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ चा, हे येथे आठवावे. नव्या घटनेला २००३ साली मतदारांनी संमती दिली व ती २००६ पासून अमलात आली. आज त्यांच्या परिषदेत १७ सभासद आहेत : पंधरा मुलखातील मतदारसंघांतून आणि दोन मुलखाबाहेर राहणाऱ्या नागरिकांतून. सभेची कार्यक्रमपत्रिका, विधेयकांचे मसुदे, मंजूर झालेले कायदे संगणकावर कोणालाही पाहता येतात. साडेचार लाखांहून अधिक नागरिकांपैकी पुष्कळसे दूरच्या राज्यांत विखुरलेले आहेत; त्यांना ताहलेक्वाला न जाता आपल्या प्रतिनिधीने काय केले ते कळते. एक खंत मात्र उरते. चेरोकी ही मायबोली म्हणून बोलणारे दोन हजारांच्या आसपासच राहिले आहेत. १८२८ साली कायदा आपल्या लिपीत वाचणारा समाज आज तो बहुतांशी इंग्रजीत वाचतो. भाषा टिकावी म्हणून २०१९ साली त्यांनी स्वतंत्र कायदा करून मोठी रक्कम बाजूला काढली.

ज्यांना वगळले त्यांचे काय?

बंधू-भगिनींनो, आता सर्वांत अवघड भाग. चेरोकींतील श्रीमंत कुटुंबे काळे गुलाम बाळगीत होती. १८२७ च्या ज्या घटनेचा आम्ही एवढा गौरव केला, तिनेच मतदानाचा हक्क आफ्रिकी वंशाच्या लोकांना नाकारला होता, आणि ज्या स्त्रियांनी जमीन वाचविण्यासाठी आवाज उठविला त्यांनाही. स्वतः दडपला गेलेला समाज दुसऱ्याला दडपू शकतो, हे कटू सत्य आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ काळ्यांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. त्या दास्यात चेरोकींच्या मळ्यांवरील दास्यही होते.

१८६३ साली चेरोकींनी गुलामगिरी रद्द केली आणि १८६६ च्या तहाने मुक्त झालेल्यांना व त्यांच्या वंशजांना मूळ चेरोकींचे सर्व हक्क दिले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी नोंदवह्या झाल्या, तेव्हा या लोकांची यादी वेगळी करण्यात आली. अंगात चेरोकी रक्त असूनही केवळ काळा दिसतो म्हणून कित्येकांची नावे त्या यादीत घातली गेली. १९८३ साली 'रक्ताने चेरोकी' असल्याचा दाखला नाही म्हणून त्यांना मतदानकेंद्रावरून परत पाठविण्यात आले.

लूसी अ‍ॅलन या त्यांच्यातील एका स्त्रीने राष्ट्राच्या न्यायालयात दाद मागितली. तिचा आधार काय होता? छापील घटना! १९७५ च्या घटनेत रक्ताची अट लिहिलेली नाही, मग परिषदेने ती आणली कोठून? २००६ साली न्यायालयाने तिचे म्हणणे मान्य केले. त्यावर २००७ साली मतदान घेऊन घटनेतच रक्ताची अट घालण्यात आली. बहुमताने अन्याय केला. पण १८६६ चा तहही लिहिलेला होता, उघडा होता. २०१७ साली केंद्रीय न्यायालयाने त्या तहाच्या आधारे वंशजांचे नागरिकत्व कायम केले, आणि २२ फेब्रुवारी २०२१ रोजी चेरोकी राष्ट्राच्याच सर्वोच्च न्यायालयाने 'रक्ताने' हे शब्द घटनेतून काढून टाकण्याचा आदेश दिला. १८६६ ते २०२१. दीडशे वर्षांहून अधिक काळ एक वाक्य वाट पाहत राहिले, आणि कोणीतरी ते वाचले म्हणून ते कामी आले.

आपण काय घ्यावे?

कायदा उघडा असला म्हणजे न्याय मिळतोच असे आम्ही म्हणणार नाही. १८३८ ची वाट आपण पाहिली. पण कायदा झाकलेला असेल तर दुबळ्याला बोट ठेवायलाही जागा राहत नाही. घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे वाईट निघाले तर ती वाईट ठरेल, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. राबविणाऱ्यांवर नजर ठेवायची तर आधी घटना वाचावी लागते.

शेवटी घरचे बोलतो. आपल्या मंडळालाही घटना आहे, पोटनियम आहेत. सर्वसाधारण सभेत 'घटनेत असे आहे, घटनेत तसे आहे' म्हणून आवाज चढतात. पण त्या वेळी कोणाच्या हातात प्रत असते का? आम्ही स्वतः इतकी वर्षे सभासद आहोत, आणि हे भाषण तयार करताना ती प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत वाचली. हे कबूल करताना आम्हांला लाज वाटते. म्हणून कार्यकारिणीस आमची नम्र विनंती आहे, की मंडळाची घटना, गेल्या सभेचे इतिवृत्त आणि जमाखर्च सोप्या मराठीत छापून प्रत्येक सभासदाच्या घरी पोहोचवावा. एक प्रत विहारातील वाचनालयात अशा जागी ठेवावी, की ती घेण्यासाठी कोणाकडे किल्ली मागावी लागणार नाही. वस्तीतील ज्या आजीला वाचता येत नाही, तिला विद्यार्थ्यांनी ती वाचून दाखवावी. दर पंधरवड्याला नियम वाचून दाखविणाऱ्या संघाचे आपण अनुयायी आहोत. वर्षातून एकदा तरी एवढे आपल्याकडून झाले पाहिजे.



भवतु सब्ब मंगलं! जयभीम!